आजी-आजोबांच्या उशाशी गोट्या

संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेदहा या तीन तासांत आपल्या घरातील टीव्हीवर काय चालू असते आणि ते कोण पाहत असते, याची नोंद एक आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या जागेत करून पाहावी, अशी माझी आपणांस विनंती आहे. ज्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी आहे, त्या घराने तर ती अवश्य करावी. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील वृद्ध रुग्ण तपासताना रक्तदाब, साखर, झोप आणि शौच यांच्या चौकशीबरोबर मी हा प्रश्नही विचारतो. उत्तरांतून बऱ्याच दुखण्यांचा उलगडा होतो.

मधुमेहाची गोळी आठ वाजता घेतलेली असते, परंतु मालिका संपल्याशिवाय ताट वाढले जात नाही. जेवण दहाला होते. मध्येच दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, आणि घरची माणसे 'बाबांना काहीतरी झाले' म्हणून रिक्षा शोधू लागतात. साखर उतरलेली असते, एवढेच. दुसऱ्या घरात आजींना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. विचारले, तर झोपण्यापूर्वी खून आणि दरोड्यांचा कार्यक्रम पाहण्याची सवय. तिसऱ्या घरातील प्रकार अधिक गंभीर असतो. स्मरणशक्ती उणावलेल्या एका वृद्धेला टीव्हीवरील भांडखोर बाई आपल्याच घरात शिरली आहे, असे वाटू लागले होते. 'तिला बाहेर काढा' म्हणून त्या सुनेवर ओरडत. सून रडकुंडीला आलेली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पडद्यावरचे आणि घरातले यांची सरमिसळ होणे हे आम्हां डॉक्टरांना परिचित लक्षण आहे, पण घरच्यांना त्याची कल्पना नसते आणि त्यांना तो हट्ट वाटतो.

या तिन्ही घरांत औषधांचा विचार करायचा तो केलाच. त्याच्या जोडीने जे सुचवले, ते ऐकून मंडळी प्रथम हसली. ते असे, की रात्रीच्या मालिकेऐवजी लहान मुलांची मालिका घ्या. ती पुस्तकातली असेल तर उत्तम; पडद्यावरची असेल तरी चालेल.

'आम्ही काय आता कुक्कुलं बाळ झालो का, डॉक्टर?' हा आक्षेप मला प्रत्येक वेळी ऐकावा लागतो, आणि तो रास्त आहे. वृद्धांना बाळासारखे वागवणे, त्यांच्याशी बोबडे बोलणे, त्यांच्या देखत त्यांच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलणे या गोष्टींनी माणूस खचतो. मी सांगतो आहे ते त्याहून वेगळे आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्या चांगल्या लेखकाला काही अटी पाळाव्याच लागतात. मुख्य पात्रे मोजकी आणि प्रत्येक वेळी तीच. गोष्ट एका बैठकीत संपणारी. भाषा स्वच्छ, वाक्ये आटोपशीर, अक्षर ठळक. आणि शेवटी पोरगा सुखरूप घरी आलेला. हे सगळे मुलांच्या सोयीसाठी असते. पण ज्याची दृष्टी मंदावली आहे, कान जड झाले आहेत, कालचे आज आठवत नाही आणि रात्रीची झोप उथळ झाली आहे, त्याच्याही सोयीचे नेमके तेच आहे. मोठ्यांच्या दैनंदिन मालिकेत वीस-पंचवीस पात्रे असतात, कथानकाला अंत नसतो, आणि प्रत्येक भाग जाणूनबुजून काळजीच्या टोकावर आणून सोडलेला असतो. ती काळजी घेऊन अंथरुणावर पडायचे, म्हणजे झोपेला आपणच दार लावून घ्यायचे.

आपल्या मराठीत पुस्तकांच्या रांगेलाही मालिका म्हणतात आणि टीव्हीवरच्या भागांनाही मालिकाच म्हणतात. काही भाग्यवान पात्रे या दोन्ही मालिकांत ओवली गेली. त्यांत पहिला मान मी ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'ला देईन. पोरका, तरतरीत आणि मनाने निर्मळ असा हा मुलगा परक्या घरात येतो आणि हळूहळू त्या घराचाच होऊन जातो. ताम्हनकरांनी मुलींसाठी 'चिंगी'ही लिहिली. आज पंचाऐंशीच्या घरात असलेल्यांपैकी ज्यांच्या वाट्याला शाळा आणि पुस्तके आली, त्यांतल्या कित्येकांनी गोट्या पुस्तकातून वाचला. पुढे राजदत्त यांच्या दिग्दर्शनाखाली तो दूरदर्शनवर आला. जॉय घाणेकर या मुलाने गोट्याची भूमिका केली. तेव्हा आमची पिढी विशी-पंचविशीत होती, आणि आमच्या आया स्वयंपाकघरातून ओल्या हाताने बाहेर येऊन उंबऱ्यावर उभ्या राहत. म्हणजे आज एकाच घरातील आजी, तिचा मुलगा आणि सून हे तिघेही गोट्याला ओळखतात. वृद्धसेवेच्या दृष्टीने या ओळखीचे मोल फार आहे. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि बालपणीच्या व तरुणपणीच्या पुष्कळ उशिरा. सकाळी काय खाल्ले हे न सांगू शकणारी व्यक्ती गोट्याचे नाव काढताच त्या काळचे घर, शेजारी आणि अँटेना फिरवायला कौलांवर चढलेला धाकटा दीर असे सारे काही सांगू लागते. कधी तपशील चुकतो. चुकू द्यावा. 'नाही हो आई, ते तसं नव्हतं' असे म्हणून दुरुस्ती करत बसू नये. ही परीक्षा नव्हे.

गोट्याच्या शीर्षकगीताला अशोक पत्की यांचे संगीत होते, आणि त्या गीताचा एक वैद्यकीय उपयोग मला आवर्जून सांगायचा आहे. मेंदूच्या डाव्या भागात रक्तपुरवठा अडून अर्धांगवायू झाला, की अनेकदा वाचाही जाते. समजते सारे, पण शब्द ओठांवर येत नाही. अशा रुग्णांतील काहींना बोलता येत नसले, तरी पाठ असलेले गाणे शब्दांसकट गाता येते. कारण गाण्याच्या कामात मेंदूचा उजवा भागही मोठा वाटा उचलतो. अभंग, आरती, ओवी यांचा उपयोग आपण करतोच. त्यांच्या बरोबरीने मालिकेचे शीर्षकगीत लावून पाहावे. ते वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडा ऐकलेले असते, चाल साधी असते, आणि घरातली इतर माणसेही त्यात आवाज मिसळू शकतात. एक गृहस्थ तीन महिने केवळ 'हं' आणि 'नको' एवढेच बोलत. मुलीने मोबाइलवर असे जुने गीत लावल्यावर त्यांनी दुसऱ्या ओळीपासून साथ दिली. त्यानंतर ते घडाघडा बोलू लागले, असे मात्र नाही. शब्द सावकाशच परतले, आणि त्यासाठी वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे नियमित जावेही लागले. पण आपल्या गळ्यातून अजून शब्द निघतो, हे त्यांना त्या दिवशी कळले, आणि दुसऱ्या दिवशीपासून व्यायामाला ते नाही म्हणेनासे झाले.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' ही कोणी मालिका म्हणणार नाही, परंतु त्याची रचना मालिकेचीच आहे. प्रकरणांना तेथे 'रात्र' म्हटले आहे. पहिली रात्र, दुसरी रात्र असे करत बेचाळीस रात्री. गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहावयास घेतले. पालगड, त्यांचे गाव, आपल्या पलीकडच्या दापोली तालुक्यातले, आणि त्यांचे राष्ट्रीय स्मारक आपल्या माणगाव तालुक्यात वडघरला आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले, हे आपणांपैकी अनेकांना पाठच असेल. रोज रात्री एक रात्र, असे सहा आठवडे हे पुस्तक घरात वाचले जाऊ शकते. यातील भाषा, घरे, भांडी, झाडे, सगळे आपल्या कोकणचे. आमच्या भागातील वृद्धांना त्यात काही समजावून सांगावे लागत नाही. उलट तेच नातवंडांना समजावून सांगतात, आणि सांगणाऱ्याच्या जागी बसणे हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला किती बळ देते, ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळायचे नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, किंवा ज्यांचे मन उदासीने ग्रासले आहे, त्यांच्यासमोर हे पुस्तक लगेच उघडू नये. शेवटच्या रात्रींत आईचे जाणे आहे. रडू आल्याने मन हलके होते हे खरे. पण नैराश्य आलेल्या माणसाचे रडू थांबत नाही आणि हलकेही करत नाही. त्यांना आधी गोट्या किंवा बोक्या द्यावा. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' मुळात आकाशवाणीवर अवतरला आणि नंतर पुस्तकांत, टीव्हीवर व २००९ मध्ये चित्रपटात गेला. मूळचा रेडिओवरचा असल्यामुळे त्या गोष्टी मोठ्याने वाचायला फार सोप्या जातात. वाचणाऱ्याला धाप लागत नाही. ऐकणाऱ्याचा धागा तुटत नाही.

आता घरातल्या किशोरांकडे वळतो. पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यांतील वाड्यांवर गेलात, तर मधली पिढी दिसतच नाही. ती मुंबईला, ठाण्याला, सुरतेला. घरात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारे एखाद-दुसरे नातवंड. बारा-तेरा वर्षांचा नातू आजोबांची गोळ्यांची पेटी सांभाळतो, एसटीने पोलादपूरला येऊन औषध नेतो, आणि संध्याकाळी मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो. रुग्णाची काळजी घेणारा म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे सून किंवा लेक येते. हा मुलगा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. त्यालाही भीती वाटते. रात्री आजोबांना ठसका लागला तर मी काय करू, हा विचार तो कोणाला बोलून दाखवत नाही.

अशा घरांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला फार जवळचा वाटतो. फुरसुंगीचा हा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काटकुळा, सायकलवर भरधाव जाणारा आणि 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा. भागवतांनी त्याची वीस पुस्तके लिहिली. ऐंशीच्या दशकात सुमीत राघवन यांनी तो छोट्या पडद्यावर साकारला. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाले, आणि त्याच चित्रपटात खुद्द भागवतांची भूमिका बोक्याचे जनक प्रभावळकर यांनी केली, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. आजोबांनी पुस्तक वाचलेले, वडिलांनी टीव्हीवर पाहिलेले, नातवाने चित्रपट पाहिलेला. तिघांना बोलायला एक समान विषय मिळाला. मालिकेत 'प्रतापगडावर फास्टर फेणे' आहे, 'चक्रीवादळात फास्टर फेणे' आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आणि २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने घराचे पत्रे उडताना पाहिलेल्या आमच्या मुलांना ही नावे वाचूनच पुस्तक उघडावेसे वाटते.

गोष्टीचा उपयोग असा, की मुलगा स्वतःविषयी जे बोलणार नाही ते पात्राविषयी बोलतो. 'तुला भीती वाटते का रे?' असे विचारले, की तेरा वर्षांचा मुलगा 'नाही' म्हणतो आणि उठून जातो. 'फेण्याला त्या वेळी भीती वाटली असेल का?' असे विचारले, की तो थांबतो. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले, आणि त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली. त्यानंतर दोन-तीन पावसाळे आमच्याकडे असे रुग्ण येत राहिले, की पावसाचा जोर वाढला म्हणजे छातीत धडधड, पोटात गोळा, झोप नाही. त्यांत नऊ वर्षांची मुले होती आणि ऐंशी वर्षांच्या आजीही होत्या. अशा रात्री वीज जाते, टीव्ही बंद पडतो, मोबाइलला रेंज राहत नाही. सर्वांनी एका खोलीत बसून, चार्जिंगच्या दिव्याखाली, ओळखीच्या पात्राची ओळखीची गोष्ट मोठ्याने वाचणे हा मी सांगितलेला उपाय अनेक घरांनी केला. काहींची पुस्तके पुरातच गेली होती. त्या घरांत आजींनी गोष्ट तोंडी सांगितली, आणि ती पुस्तकाहून सरस झाली, असे त्यांची नात मला म्हणाली. ज्यांची भीती याने ओसरली नाही, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे लागले. तेथे जाण्यात कमीपणा काहीच नाही.

वाचन सुरू करण्यापूर्वी डोळे आणि कान यांची व्यवस्था लावावी, अन्यथा सारा उत्साह चार दिवसांत मावळतो. 'मला आता वाचायचा कंटाळा येतो' असे म्हणणाऱ्या वृद्धांत खरोखर कंटाळलेले थोडे. बहुतेकांचा चष्मा पाच-सात वर्षांपूर्वीचा असतो किंवा मोतीबिंदू पिकत आलेला असतो. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घेतलाच पाहिजे. दिवा वाचणाऱ्याच्या मागून, खांद्यावरून पुस्तकावर पडावा. समोरून डोळ्यांत नको. पुस्तक हातभरापेक्षा थोडे अलीकडे, उशीवर टेकवून धरावे, म्हणजे मनगट दुखत नाही. गुळगुळीत चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप उमटते. साधा कागद बरा.

कानांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. 'स', 'फ', 'त' यांसारखी व्यंजने ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. नातवंडांचा आवाज नेमका उंच पट्टीचा. त्यामुळे ओरडून वाचल्याने काही साधत नाही. मुलाने आजीच्या समोर, उजेडात तोंड येईल असे बसावे. थोड्या खालच्या सुरात, सावकाश, वाक्य संपले की क्षणभर थांबत वाचावे. पंखा मंद करावा, टीव्ही बंद असावा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे, पण आटोक्यात आणता येण्याजोगे चौदा घटक सांगितले. त्यांत उपचार न केलेला बहिरेपणा आहे, दृष्टिदोष आहे आणि एकटेपणाही आहे. श्रवणयंत्र लागणार असेल तर 'या वयात कशाला' असे म्हणून टाळू नका. याच वयात.

पडद्यावरची मालिका पाहायची असेल, तर जेवण आधी उरकावे. अर्धांगवायूनंतर ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांना टीव्हीसमोर भरवणे धोक्याचे आहे. लक्ष पडद्याकडे गेले की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. एक भाग पाहावा, उठून घरात दोन फेऱ्या माराव्यात. सलग तीन तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पावलांवर सूज येते, आणि ती पाहून 'मूत्रपिंडे गेली की काय' म्हणून घाबरलेली मंडळी माझ्याकडे येतात. सूज टिकून राहिली, किंवा एकाच पायावर आली, तर मात्र दाखवावे. जुन्या मालिकांतील आर. के. नारायण यांच्या कथांवरची 'मालगुडी डेज' हिंदीत असूनही आमच्याकडच्या वृद्धांना आवडते. तिच्यातला छोटा स्वामी कोणालाही आपला वाटतो. जुने भाग शोधून देण्याचे काम शहरातल्या नातवंडांवर सोपवावे. मिळाले तर उत्तम; न मिळाले तर पुस्तक आहेच.

याच घरात दोन-तीन वर्षांचे लेकरू असेल, तर त्याच्यापुरता नियम निराळा. दोन वर्षांच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार या वयात दिवसभरात मिळून एक तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. आजींचे गुडघे दुखतात, बाळामागे धावता येत नाही, म्हणून घास भरवताना मोबाइल पुढे धरला जातो. आजींना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण चित्रांचे पुस्तकही बाळाला एका जागी बसवते. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही पुस्तके अशा वेळी हाताशी असावीत. चित्रे मोठी, मजकूर मोजका, विषय घरातलीच माणसे. तीच पुस्तके मी स्मृतिभ्रंशाच्या मधल्या अवस्थेतील रुग्णांसाठीही सुचवतो. ज्यांना आता सलग गोष्ट पेलत नाही, ते चित्रातल्या घराकडे बघून 'ही आजी' एवढे म्हणतात आणि मग आपल्या आजीविषयी काही बोलतात. नातवंड आणि आजी एकाच पानाकडे बघत आहेत, आणि सून तेवढ्यात पंधरा मिनिटे पाठ टेकते आहे, असे चित्र मी एका घरी तपासणीस गेलो असता पाहिले. त्या पंधरा मिनिटांची किंमत काळजी घेणाऱ्या बाईलाच ठाऊक.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी वेळ निवडताना दिवेलागण टाळू नका. उलट तीच निवडा. सूर्य मावळताना अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, 'मला माझ्या घरी जायचंय' हा धोशा सुरू होतो. दिवे थोडे लवकर लावावेत, खिडकीचा पडदा ओढावा, आणि ठरलेल्या जागी ठरलेली गोष्ट सुरू करावी. तीच गोष्ट दहा वेळा वाचावी लागली तरी बिघडत नाही. वाचणारा कंटाळतो, ऐकणाऱ्याला दर वेळी ती निम्मी नवी आणि निम्मी ओळखीची असते. गुन्हे, अपघात, पूर यांच्या बातम्या त्या खोलीत लावू नयेत. गोष्ट चालू असता डुलकी लागली, तर पुस्तक मिटून ठेवावे. तो पुस्तकाचा अपमान नव्हे.

या वाचनाने विसरभोळेपणा बरा होतो, असा दावा मी करणार नाही. विसरणे अलीकडे वाढले असेल, तर वाचन सुरू करा आणि तपासणीही करून घ्या. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या ही विसरण्याची कारणे सुधारता येतात. आणि काल नीट असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, तर त्यात लघवीतील जंतुसंसर्ग, उतरलेले सोडियम, उतरलेली साखर किंवा पक्षाघात असू शकतो. तेथे गोष्टीचे काम नाही. त्याच तासाला दवाखाना गाठावा.

पुस्तके कोठून आणायची, हा प्रश्न महाडकरांपेक्षा वाडीवरच्या माणसाला अधिक भेडसावतो. शाळेच्या कपाटात ती पुष्कळदा असतात. गुरुजींना किंवा बाईंना विचारावे, नातवाच्या नावावर मिळतात. बालभारती १९७१ पासून काढत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक तिने संगणकावर विनामूल्य ठेवले आहेत. गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांना मिठाईच्या खोक्याऐवजी दोन पुस्तके आणायला सांगावे. मधुमेह्याच्या घरात तेवढेच पथ्य. पुस्तक आले, की आतल्या कोऱ्या पानावर एक कागद चिकटवा. त्यावर तारीख, गोष्टीचे नाव, कोणी वाचली आणि आजी कोठे हसल्या, एवढे पेन्सिलीने लिहीत जा. पुढल्या खेपेला रक्तदाबाच्या वहीसोबत तो कागदही मला दाखवायला आणा.